एका दमात कासवापर्यंत: गिली बेटांवर फ्रीडायव्हिंग शिकताना

इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटाच्या वायव्य किनाऱ्यासमोर गिली त्रावांगान, गिली मेनो आणि गिली आयर ही तीन चिमुकली बेटं आहेत. बालीला गेलेले बरेच पर्यटक इथे एक-दोन दिवसांसाठी येतात, लाइफ जॅकेट घालून बोटीतून पाण्यात उतरतात, वरून कासव दिसलं की हरखतात आणि परत जातात. कासव मात्र बऱ्याचदा चार ते आठ मीटर खाली असतं, समुद्री गवत खात किंवा प्रवाळाच्या कडेला अंग टाकून पडलेलं. तिथवर जायला सिलिंडर लागत नाही. एका दमात असं खाली जाणं म्हणजेच फ्रीडायव्हिंग. सैल शरीर, कानांतला दाब सारखा करण्याचं तंत्र आणि वरून नजर ठेवणारा जोडीदार असला की पुरतं. या तिन्ही गोष्टी नीट शिकायला दोन-तीन दिवसांचा कोर्स आणि त्याआधी घरी दोन-तीन महिन्यांची तयारी लागते.

माझा आग्रह एवढाच की सहलीचे पहिले दिवस कोर्सला द्या आणि प्राणी त्यानंतर पाहा. आणि किती मीटर गेलो हा हिशेब शक्य तितका बाजूला ठेवा. गिलीत पाहण्यासारखं बहुतेक सगळं पहिल्या दहा मीटरमध्येच आहे.

घरची तयारी

पहिली अट पोहण्याची. पहिल्या पातळीच्या कोर्सला साधारण दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं. वेळेचं बंधन नसतं, पण दमछाक होऊन चालत नाही. गावच्या विहिरीत सूर मारत मोठे झालेले लोक पाण्याला घाबरत नाहीत, ही मोठीच जमेची बाजू. त्यांना बदलावं लागतं ते हातपाय जोरात मारणं. फ्रीडायव्हिंगमध्ये प्रत्येक जादा हालचाल प्राणवायू खाते. म्हणून तलावात सावकाश, लांब, आवाज न करता पोहण्याचा सराव करा.

दुसरं काम डॉक्टरकडे. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, कायमची औषधं यांपैकी काही असेल तर कोर्सच्या वैद्यकीय अर्जावर डॉक्टरांची सही लागते. ती इथूनच घेऊन जा. बेटावर पोहोचल्यावर डॉक्टर शोधण्यात एक दिवस जातो. गरोदरपणात हा कोर्स करू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा कान दाखवून मळ काढून घेतलात तर पुढचा बराच त्रास वाचेल.

तिसरी तयारी कानांची. नवशिक्यांची गाडी श्वासापेक्षा इथेच जास्त अडते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. नाकाच्या मागून मध्यकर्णात हवा सरकवून तो दाब सारखा करायचा असतो. नाक दाबून फुंकायची पद्धत आपल्याला विमानामुळे माहीत असते. तिला वाल्साल्वा म्हणतात. त्यात छाती आणि पोटाचा जोर लागतो. डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत तो जोर काही मीटरनंतर पुरत नाही, शिवाय सगळं शरीर ताठ होतं. फ्रीडायव्हिंगला लागते ती फ्रेंझेल पद्धत. तिच्यात घसा बंद असतो आणि तोंडातली हवा जिभेने मागे ढकलली जाते.

सराव असा करा. आरशासमोर बसून नाक चिमटीत धरा. जड पोतं उचलताना घशात जसा श्वास अडकतो तसा घसा बंद करा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा, जणू ‘त’ म्हणायचा आहे. आता टोक तिथेच ठेवून जिभेचा मागचा भाग वर आणि मागे सरकवा, ‘क’ म्हणताना सरकतो तसा. नाकपुड्या बोटांखाली किंचित फुगल्या आणि कानांत हलका ‘टक्’ झाला की जमलं. दुसरा हात पोटावर ठेवा. पोट हललं तर अजून वाल्साल्वाच चाललंय. खरी परीक्षा हवी असेल तर सगळा श्वास सोडून मग हेच करून पाहा. तेव्हाही कान उघडले, म्हणजे दाब सारखा झाला, तर फ्रेंझेल पक्कं. रोज थोडा वेळ, दोन महिने. नंतर पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून तेच.

चौथी तयारी दम धरण्याची, आणि ती फक्त कोरड्या जागी. पलंगावर आडवं होऊन दम धरा, सोडा, पुरेशी विश्रांती घ्या, पुन्हा धरा. थोड्याच वेळात पोटात आचके येऊ लागतील. श्वासपटलाला कार्बन डायऑक्साइड वाढल्याची खबर मिळालेली असते. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः या वायूमुळे. प्राणवायू त्या वेळी बराच शिल्लक असतो. हे शरीराला समजलं की घाबरगुंडी कमी होते. बाथटबमध्ये, तलावात, विहिरीत एकट्याने हा सराव कधीही करू नका. ‘बघू कोण जास्त वेळ बुडी मारतो’ या खेळात पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव गेले आहेत.

प्राणायाम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अनुलोम-विलोम आणि सावकाश दीर्घ श्वसनाने मन शांत होतं, त्याचा पाण्यात खूप उपयोग होतो. पण बुडी मारण्याच्या आधी भस्त्रिका किंवा कपालभाती अजिबात नको. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने उतरतो. मग श्वासाची निकड जाणवतच नाही आणि माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. योगाचा रोजचा सराव असेल तर प्रशिक्षकाला ते आवर्जून सांगा.

कधी आणि कसं जायचं

मे ते ऑक्टोबर हा कोरडा मोसम. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, म्हणून मे-जून किंवा सप्टेंबर बरा. डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो, बोटी रद्द होतात.

भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे ५ लाख रुपिया. बालीमार्गे गेलात तर फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा. निघण्यापूर्वी दोन्ही रकमा सरकारी संकेतस्थळांवर पाहून घ्या. बालीच्या पादांगबाई बंदरातून वेगवान बोट दीड-दोन तासांत गिलीला पोहोचते. बोट लागणाऱ्यांनी लोम्बोकच्या विमानतळावर उतरून गाडीने बांगसाल बंदर गाठावं. तिथून समुद्र थोडाच पार करायचा असतो. मार्चमध्ये जात असाल तर बालीच्या न्येपी सणाची तारीख आधी पाहा. त्या दिवशी विमानतळही २४ तास बंद असतो.

बेटांवर मोटारगाड्या नाहीत. पायी, सायकलने, नाहीतर चिडोमो नावाच्या टांग्याने फिरायचं. शाकाहारी लोकांचं टेंपे, टोफू आणि शेंगदाण्याच्या रश्शातल्या गाडो-गाडोवर छान चालतं, फक्त ‘तेरासी’ नको असं सांगायला विसरू नका. ती कोळंबीची चटणी असते आणि पुष्कळ पदार्थांत गुपचूप घातलेली असते. लोम्बोकचे सासाक लोक प्रामुख्याने मुस्लिम आहेत, तेव्हा वस्तीतून फिरताना पोहण्याच्या कपड्यांवर काहीतरी घाला.

कोर्स निवडताना

आयडा, एसएसआय, पाडी, मोल्चानोव्ह्स अशा संस्थांचे कोर्स इथे चालतात. पहिल्या पातळीच्या अभ्यासक्रमांत फारसा फरक नाही: सिद्धान्त, तलावात दम धरणं आणि आडवं पोहणं, समुद्रात दोराच्या आधाराने खाली जाणं आणि जोडीदाराला वाचवणं. खोलीची मर्यादा कमाल वीस मीटरच्या आत. नावापेक्षा प्रशिक्षक बघा. खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. कान न उघडणाऱ्या विद्यार्थ्याचं तुम्ही काय करता, हा प्रश्न आधीच विचारा. ‘त्याला वेळ देतो, लागला तर दिवस वाढवतो’ असं उत्तर आलं तर पैसे भरा. ‘सगळ्यांचं होतं हो’ असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे चौकशी करा. प्रवासविम्यात फ्रीडायव्हिंग धरलेलं आहे का, तेही वाचून घ्या.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क घ्या किंवा सॉफ्ट लेन्स वापरा. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण मास्कमधला दाब नाकाने हवा सोडून सारखा करायचा असतो आणि गॉगलच्या बाहेर नाक राहतं. बाकी पायात घालायचे लांब फिन्स, सूट, रबरी वजनपट्टा शाळेकडून मिळतो.

दोरावरचे दिवस

समुद्रसपाटीला फुप्फुसांत सहा लिटर हवा असेल तर दहा मीटरवर ती तीन लिटर होते, वीस मीटरवर दोन, तीस मीटरवर दीड. म्हणजे सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो आणि कानांना सर्वांत जास्त काम तिथेच पडतं. प्रत्येक मीटरला कान उघडा, आणि दुखण्याआधी. दुखायला लागल्यावर केलेला प्रयत्न उशिराचा असतो. नाही उघडले तर थांबा, थोडं वर या, पुन्हा बघा. तरीही नाही तर शांतपणे वळा. जोर लावून पडदा फाटला तर थंड पाणी आत जाऊन तोल जातो, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासं होतं. सर्दी असताना पाण्यात उतरू नका, आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधाच्या भरवशावर तर नाहीच. खाली असतानाच त्याचा असर ओसरू शकतो.

नवशिक्यांचे कान न उघडण्याचं एक साधं कारण म्हणजे तळाकडे बघणं. मान वर होते, घसा ताणला जातो. हनुवटी थोडी आत घ्या आणि नजर समोरच्या दोरावर ठेवा.

पहिल्या एक-दोन बुड्या नेहमी जड जातात. त्यावरून दिवस कसा जाणार ते ठरवू नका. चेहऱ्याला पाणी लागलं आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांचं रक्त मध्यभागी वळतं, प्लीहा (पाणथरी) आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. या सगळ्याला थोडा अवधी लागतो. पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासेमारी करणाऱ्या इंडोनेशियातल्या बाजाव लोकांच्या प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठ्या असल्याचं २०१८ मध्ये ‘सेल’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं होतं. आपली प्लीहा तेवढी नसली तरी काम तेच करते. म्हणून सुरुवातीला दोन-तीन उथळ, आळसावलेल्या बुड्या मारा.

बुडीच्या आधी दोन मिनिटं पालथं तरंगत स्नॉर्कलच्या नळीतून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, शेवटी एक पूर्ण श्वास, आणि कमरेत वाकून पाय सरळ वर. पाय पाण्याबाहेर उंच गेले की त्यांच्याच वजनाने तुम्ही खाली सरकता. पाणी बडवावं लागत नाही. वर आल्यावर श्वास पूर्ण सोडू नका. थोडासा सोडून झटकन घ्या, क्षणभर धरा, पुन्हा तसंच, तीन-चार वेळा. मग मास्क काढून जोडीदाराला खूण करा. जितका वेळ खाली होतात त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती.

वजनपट्टा कमरेखाली, एका हाताने सुटेल असा बांधा. वजन एवढंच घ्या की साधा श्वास सोडल्यावरही तुम्ही पाण्यावर तरंगत राहाल. जास्त वजनाने खाली जाणं सोपं होतं आणि वर येणं अवघड, आणि अडचण नेहमी वर येतानाच येते.

ब्लॅकआउट (शुद्ध हरपणं) समजून घ्या

खोलवर दाबामुळे फुप्फुसांतल्या प्राणवायूचा आंशिक दाबही (हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) वाढलेला असतो, म्हणून कमी प्राणवायूतही मेंदूचं भागतं. दहा मीटरवरून पृष्ठभागाकडे येताना दाब निम्मा होतो आणि त्यासोबत प्राणवायूचा आंशिक दाबही एकदम पडतो. बहुतेक बेशुद्धी अशी शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर येऊन श्वास घेतल्यावरही काही सेकंदांत येते. माणूस वर आला, हसला, आणि मग मान टाकली, असंही होतं.

म्हणून ‘एक खाली, एक वर’. दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची नाही, समोर कितीही सुंदर काही असलं तरी. वरचा माणूस खालच्याला डोळ्यांआड होऊ देत नाही, तो वर येताना काही मीटर खाली उतरून त्याला गाठतो, आणि वर आल्यावर पूर्ण तीस सेकंद त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. शुद्ध हरपली तर तोंड-नाक झाकून वर आणायचं, चेहरा पाण्याबाहेर धरायचा, मास्क काढायचा, गालावर फुंकर, हलकी थाप, नावाने हाक मारून ‘श्वास घे’. काही सेकंदांत श्वास आला नाही तर तोंडाने श्वास द्यायचा. वेळीच पकडलं तर माणूस बहुधा लगेच शुद्धीवर येतो. नवरा-बायको किंवा दोन मित्र जात असाल तर दोघांनीही कोर्स करा. एकाने शिकायचं आणि दुसऱ्याने बोटीतून बघायचं, असं केलंत तर कोर्सनंतर तुम्हाला जोडीदारच नाही.

सहलीत स्कूबाही (सिलिंडर लावून डायव्हिंग) करायचं असेल तर फ्रीडायव्हिंग आधी उरका. स्कूबानंतर साधारण २४ तास दम धरून खोल जायचं नाही. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा धोका असतो. सलग दोन दिवस दोरावर घालवल्यावर एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

आता कासव

विश्रांतीनंतरच्या दिवशी सकाळी लवकर निघा. मेनोच्या भोवताली कासवं हमखास दिसतात, आणि पर्यटकांच्या बोटी येण्याआधी पाणी शांत असतं. मेनोजवळच जेसन डीकेअर्स टेलर यांचं २०१७ मधलं शिल्प आहे, वर्तुळात उभ्या-पहुडलेल्या ४८ मानवी आकृतींचं. ते जेमतेम तीन-चार मीटरवर असल्याने सरावाला उत्तम, पण त्यावर प्रवाळ रुजतोय, तेव्हा पाय टेकवू नका.

बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खुणेचा गोळा, सोबत हवाच. गिलीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वरून जाणाऱ्या बोटींची. वर येताना इंजिनाचा आवाज ऐका, एक हात वर धरून या. दुसरा धोका प्रवाहाचा. बाली आणि लोम्बोक यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे वाहतं, आणि बेटांमधल्या खाडीवजा पट्ट्यांत प्रवाह फार जोरात असतो. समोरचं बेट हाकेच्या अंतरावर वाटलं तरी पोहत जाऊ नका. कुठे उतरायचं आणि बोट कुठे उचलणार, हे स्थानिक नावाड्याबरोबर आधी ठरवा.

इथे दोन प्रकारची कासवं मुख्यतः दिसतात. हिरव्या कासवाचं तोंड गोलसर, कवच गुळगुळीत. प्रौढपणी ते मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खातं. हॉक्सबिलचं तोंड ससाण्याच्या चोचीसारखं, कवचाच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढलेल्या. ते प्रवाळाच्या फटींतून स्पंज काढून खातं आणि जगभरात अतिशय संकटात आहे. इंडोनेशियात १९९९ पासून सर्व समुद्री कासवांना कायद्याचं संरक्षण आहे.

कासव दिसल्यावर त्याच्यावर थेट बुडी मारू नका. वरून किंवा मागून कुणी अंगावर आलं की ते बिचकतं. पाच-सहा मीटर बाजूला सरका, तिथे खाली उतरा, वाळूच्या जवळ आडवे व्हा, फिन्स स्थिर ठेवा आणि त्याच्याकडे टक लावण्याऐवजी नजर थोडी बाजूला ठेवा. निदान तीन मीटर अंतर राखा. ते खात राहिलं तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. खाणं थांबवून पुढचे वल्ह्यासारखे पाय हलवू लागलं, दिशा बदलली, तर तुम्ही जास्त जवळ आलात. मागे जा, पाठलाग करू नका. कधीकधी तुम्ही अगदी स्थिर असाल तर तेच सरकत जवळ येतं. तेव्हा हात छातीशी ठेवा.

कासवही आपल्यासारखंच वरच्या हवेवर जगतं. ते वर निघालं की त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये कुणी असता कामा नये. घेरून फोटो काढणाऱ्या गर्दीमुळे त्याला श्वास न घेता परत खाली जावं लागतं, आणि हे मला फार टोचतं. दम संपत आल्यावर काय वाटतं हे नुकतंच शिकलेल्या माणसाने तरी ते करू नये.

कॅमेरा पहिल्या दिवसांत नेऊ नका. हातात कॅमेरा असला की माणूस एक फोटो, अजून एक फोटो करत पोटातल्या आचक्यांकडे दुर्लक्ष करतो, आणि जोडीदारही पडद्याकडे बघत बसतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ज्यांनी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली आहेत, त्यांना ठाऊक असेल की तिथे पिल्लं बाहेर आली की ती लवकरात लवकर समुद्रात जाऊ देतात आणि पाहायला आलेल्यांना ती हातात घेऊ देत नाहीत. बाली-लोम्बोक भागात टाकीत पिल्लं ठेवून पैसे घेऊन हातात देणारी ठिकाणं आढळली तर तिथे पैसे देऊ नका.

बाकीचे शेजारी

व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा वाळूवर किंवा कपारीत निवांत पडलेला असतो. कपारीचं तोंड अडवू नका, बस. टायटन ट्रिगरफिश मात्र खरोखर अंगावर येतो, विशेषतः घरटं राखताना. त्याचा इलाका तळाकडून वरच्या दिशेने रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखा असतो, म्हणून वर पळालात तर तुम्ही त्याच्या हद्दीतच राहता. आडवं दूर जा, फिन्स त्याच्याकडे ठेवून. लायनफिश आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश यांचे काटे विषारी असतात. काटा लागला तर भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पट्टेरी समुद्री सर्प विषारी खरा, पण स्वभावाने शांत. तोही श्वासासाठी वर येतो, त्याला वाट द्या.

शंख उचलू नका. कोन शंखातला जिवंत प्राणी विषारी बाण मारतो, आणि रिकामा शंखही बऱ्याचदा एखाद्या शंखखेकड्याचं घर असतं. सनस्क्रीनचे थर लावण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या घटकांच्या सनस्क्रीनवर हवाईने प्रवाळासाठी २०२१ पासून विक्रीबंदी घातली आहे.

परत आल्यावर

शिकलेलं महिन्याभरात गंजू लागतं. तलावात सराव सुरू ठेवा, पण कोर्स केलेल्या जोडीदारासोबतच. तलावाचा जीवरक्षक दम धरून तळाशी स्थिर पडलेला आणि बेशुद्ध झालेला माणूस यांतला फरक लांबून ओळखू शकत नाही. मालवण-तारकर्लीचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो. हिवाळ्यात स्थानिक डायव्हरना विचारून, पाणी नितळ असेल तेव्हा उतरता येतं. तिथेही बोया न्या, आणि गिलीत जितकं खोल गेला होतात त्याच्या निम्म्याच खोलीपर्यंत इथे पहिल्या दिवशी जा.